सहा आण्यांची वखार

तोंडात बत्तीस दात शाबूत असलेली बाई दात न लावता भाकरी खाते, हे तुम्ही कधी बघितलं आहे का? मी रोज बघायचो. आमच्या बोरीत चन्नप्पाच्या वखारीत भागम्मा नावाची बाई तेरा म्हातारी माणसं सांभाळायची. स्वयंपाक झाला की पहिली भाकरी ती दुधात कुस्करायची, एक घास तोंडात धरायची आणि ओठ मिटून बोटांवर वीस मोजायची. विसाच्या आत घास आपसूक विरघळला तर ताटं मांडायची. नाही विरघळला तर भाकरीची अख्खी टोपली गाईपुढं जायची आणि दगडाबाई पुन्हा पीठ मळायला बसायची. दगडाबाई म्हणजे तिथली स्वयंपाकीण. ती कुरकुरायची, "बाई, म्हाताऱ्यापेक्षा तुमच्या गाईलाच जास्ती भाकरी जायलीय." त्यावर भागम्माचं ठरलेलं उत्तर, "गाईला दात हायेत."

गोष्ट निजामाच्या राज्यातली, तिकडं मोठी लढाई चालू होती आणि इकडं धान्याची लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची वसुली, चालू होती, तेव्हाची. मी सत्तावीस वर्षांचा होतो, वखारीसमोर माझं कापडाचं दुकान होतं. आता मी स्वतःच त्या वखारीत शोभावा एवढा झालोय, पण डोळे मिटले की ती जागा अजून पावलापावलानं आठवते. का आठवते ते पुढं कळेलच.

चन्नप्पा हा मोठा धान्याचा व्यापारी. पोरं सरकीच्या धंद्याला मानवतला गेली, बाप वखारीत एकटा राहिला. तो म्हणायचा, "माल सगळा गेला, मीच तेवढा पडून हाय. गिऱ्हाईक न्हाई." त्याच्या लांबच्या नात्यातली भागम्मा सोनपेठची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ती म्हाताऱ्याला दोन घास करून घालायला म्हणून आली. मग सुगीत कामाला परमुलखात जाणारी माणसं आपली म्हातारी तिच्याकडं ठेवून जायला लागली. चार महिन्यांनी येऊन घेऊन जायची. काही जण विसरली, काही जणांना सोयीनं विसर पडला, आणि असं करता करता तेरा जण कायमचे झाले. लिंगायत होते, मराठे होते, एक सोनार होता, एक जण कोण होता ते त्यालाच आठवत नव्हतं. भागम्मा सकाळी अंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करायची, कपाळाला भस्म लावायची, आणि मग ह्या तेरा देवांच्या मागं लागायची.

तिचे कायदे तिचेच होते. कुठं शिकली विचारलं तर म्हणायची, "पडलेली माणसं उचलून उचलून शिकले."

उदाहरणार्थ, रोज सकाळी ती डोळ्यांवर फडकं बांधायची, काठोकाठ भरलेला तांब्या हातात घ्यायची आणि वखारीच्या ह्या टोकापासून अंगणातल्या मोरीपर्यंत चालत जायची. जिथं पाणी सांडलं तिथं जमीन उंचसखल आहे असं समजून ती जागा त्याच दिवशी शेणामातीनं सारखी करून घ्यायची. गावात नवीन आलेल्या एका जंगमस्वामींनी हा प्रकार बघून मला हळूच विचारलं होतं, "बाईंना कसलं व्रत आहे?" मी म्हणालो, "घसरू नये याचं."

हे सगळं मुख्यतः कडूबाईसाठी. कडूबाईचे दोन्ही डोळे देवीत गेलेले. तिच्यासाठी भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर काथ्याची दोरी बांधली होती. दोरीला एक गाठ लागली की पाण्याचा रांजण, दोन गाठी लागल्या की चूल, तीन लागल्या की मोरी. कडूबाई त्या दोरीला दोन बोटं लावून अशी तुरुतुरु चालायची की नवा माणूस तिलाच वाट विचारायचा.

बिडी आणि चिलीम अंथरुणावर बंद. ओढायची तर लिंबाखाली, शेजारी पाण्याची बादली ठेवून. ताट-वाटी ज्याची त्याची. भागम्माला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या ताटामागं लोहाराकडून एकेक खूण कोरून घेतली होती. आश्रुबाचा नांगर, कडूबाईचं कमळ, चन्नप्पाचा तराजू. आणि त्याच खुणा कोळशानं भिंतीवरही होत्या, कारण दर अवसेला ती सगळ्यांना पोत्याच्या काट्यावर तोलायची आणि ज्याच्या त्याच्या खुणेपुढं वजनाच्या रेघा ओढायची. आधी लोक ओरडले की माणूस तोलू नये, नजर लागते. ती म्हणाली, "म्हणून तर अवसेला तोलायले. त्या दिशी आधीच एवढं वंगाळ असतंय की तुमच्याकडं बघायला नजरंला सवड न्हाई." एखाद्याचं वजन शेरभर उतरलं की त्या माणसाला कुणी काही बोलायचं नाही. दगडाबाईला बोलायचं.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना तहसिलीतून कागद आला.

कागद उर्दूत. गावात उर्दू येणारे आम्ही तिघं, त्यातला पटवारी रजेवर आणि दुसरा मास्तर कायम रागात. मला बोरीच्या शाळेत पाच वर्षं छड्या खाऊन जेवढी उर्दू आली होती तेवढ्यावर मी तो वाचला. हुकूम असा की ज्या जागी दहाच्या वर निराधार माणसं राहतात त्या जागेचा मुआयना, म्हणजे तपासणी, होईल. जमीन, अंथरूण, अन्न, औषध, पडण्यापासून आणि आगीपासून बचाव, हे सगळं तपासलं जाईल. ताप मोजायची काचेची नळी असावी. राहणाऱ्यांना स्वतः विचारून खात्री केली जाईल. जागा नालायक ठरली तर ती बंद करून माणसं जिल्ह्याच्या मोहताजखान्यात, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रमात, नेली जातील. साहेब गुरुवारी येतील.

मी वाचून घाबरलो. भागम्मा खूश झाली. इतकी वर्षं ती जे करत होती ते बघायला अखेर कुणीतरी येत होतं.

"येऊ द्या," ती म्हणाली, "तांब्या भरून ठेवते."

कडूबाई मात्र दोरी घट्ट धरून उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, "बन्सीधर, इथं मला दिसतंय बाबा. तिकडं नेलं तर ह्या वयात पुन्हा आंधळं व्हावं लागंल."

ते ऐकून भागम्माचा चेहरा बदलला. तोवर तिला परीक्षा वाटत होती, आता ती गोष्ट वेगळी झाली. तिनं सगळं एकदा मनात तपासलं. कमी एकच होती, काचेची नळी. ती हाताच्या पालथ्या बाजूनं ताप बघायची आणि कधी चुकायची नाही, पण सरकारला हात चालत नाही. म्हणून बुधवारी पहाटेच ती गाडीनं जिंतूरला गेली, ओळखीच्या डॉक्टरकडून नळी मागून आणायला. जाताना सगळ्यांना बजावून गेली, "उद्या साहेब इचारील ते नीट सांगा."

आता इथं आश्रुबा आला. आश्रुबा म्हणजे सत्तरीचा कुणबी, चाळीस वर्षं शेत केलेला, तोंडानं चिवट. गाडी वेशीबाहेर गेली न गेली तोच त्यानं सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं. मलाही हाक मारली.

"बाईला सरकार ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "ती खरं सांगंल. सगळं झकास हाय म्हणंल. अन् मग काय हुईल?"

"काय होईल?" मी म्हणालो.

"आरं खुळ्या, सरकारी माणसाला पीक झकास हाय म्हणून कुणी सांगतंय का? चाळीस वर्षं तहसिलीचा गिरदावर पीक बघून आणेवारी करायला यायचा. सोळा आणे पीक हुबं असलं तरी आमी चार आणे सांगायचो. तोंड पाडून सांगायचो. म्हणून तर सारा सूट व्हायचा. सरकारम्होरं रडलं की सरकार सोडून देतंय."

हे ऐकून चन्नप्पाच्या अंगात जुना व्यापारी जागा झाला. "अन् ह्या लेव्हीच्या दिवसात," तो म्हणाला, "चांगला माल वर ठेवायचा? सव्वीस वाकळा, तुपाची बरणी, पितळी ताटं. साहेब उद्या बघंल अन् परवा गाडी लावंल."

कडूबाई एकटी म्हणाली, "बाईनं नीट सांगा म्हटलंय."

"नीटच सांगायलोय," आश्रुबा म्हणाला. "तू गप बस."

मी दोन शब्द बोलायला हवे होते. पण खरं सांगतो, मलाही ते पटलं. आमच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला ते पटणारच. माझा बाप दुकानात गिरदावर आला की चांगलं लुगडं खाली आणि फाटकं वर ठेवायचा.

वखारीच्या अंगणात एक पेव होतं. पेव म्हणजे धान्य साठवायची जमिनीतली खोल जागा, तोंड लहान आणि पोट मोठं. चन्नप्पाचं पेव कधीचं रिकामं होतं, आणि भागम्मानं त्याच्या तोंडावर असा दगड ठेवला होता की तिघांशिवाय हलू नये. तो दगड आम्ही तिघांनी सरकवला. त्यात मी होतो, उगाच लपवत नाही. भराभरा वाकळा आत टाकल्या, उन्हात वाळवलेल्या, लिंबाचा पाला घातलेल्या. वर घोंगडी, ताटं, तुपाची बरणी नीट वाकळांत कोंबून ठेवली. मग आश्रुबानं सगळ्यांना अंगातले धुतलेले सदरे काढून ठेवायला लावले. वखार अशी दिसायला लागली की मला स्वतःला तिथून निघून जावंसं वाटलं.

हे होईतो दिवस कलला, आता दगड परत ठेवायचा एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात दारात घोड्याच्या टापा वाजल्या. साहेब गुरुवारी येतो म्हणून बुधवारी आला होता. चांगले तपासणारे असेच येतात.

दगड हलवायला वेळ नव्हता. चन्नप्पानं पेवाच्या तोंडावर एक शिंदीची चटई टाकली आणि तिच्यापासून दोन हात लांब जाऊन जप करत बसला.

साहेबाचं नाव मीर वजाहत अली. पन्नाशीचा, भरल्या अंगाचा, डोक्याला तुर्की टोपी, हातात वही. घोड्यावरून उतरताना सुद्धा वही मिटली नाही. मी कुर्निसात करून पुढं झालो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, सरळ आश्रुबाकडं गेला.

"क्या जी बाबा, खाना कैसा मिलता?"

आश्रुबानं चेहरा असा पाडला की हनुवटी छातीला लागली. "कसलं खाना, सरकार. औंदा दोन आणे बी न्हाई."

"दो आने?"

"मागल्या साली जरा बरं हुतं. औंदा किडीनं गेलं."

साहेबानं लिहून घेतलं. "बिस्तर?"

"बिस्तराचं तर इचारूच नका. वरचा पाऊस झाला अन् सगळं झोपलं."

"झोपलं? कुठं झोपलं?"

"जमिनीवर, सरकार."

"दवा मिलती?"

"उगवलीच न्हाई," आश्रुबा म्हणाला. तो आता पूर्ण रंगात आला होता, डोळ्यांपुढं आपलं जुनं शेत दिसत होतं त्याला. मी खोकलो, पण उपयोग नव्हता.

साहेब एकेकाकडं गेला. सोनार म्हणाला तीन आणे. दुसरा एक जण म्हणाला, त्याला तर बी सुद्धा निघालं नाही. ज्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं त्याला आणेवारी बरोबर आठवली, अडीच आणे. चन्नप्पा जप थांबवून एवढंच म्हणाला, "साठा अजिबात न्हाई, हुजूर. पायजे तर झडती घ्या."

साहेबानं वही मिटली. पहिल्यांदाच. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, खंतावलेला होता. तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "बहुत बुरा हाल हाय. मी रिपोट लिहितो. सोमवारी गाड्या येतील. सगळ्यांना मोहताजखान्यात नेतो. तिथं कमसेकम बिस्तर तरी मिळेल."

आश्रुबाचं तोंड उघडं राहिलं. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बन्सीधर, सूट द्यायची सोडून ह्यो शेतच न्यायलाय की रं."

तेव्हा कडूबाई उठली. दोरी चाचपली, दोन बोटं लावली आणि म्हणाली, "साहेब, ही लोकं खोटं बोलायलीत. तुमी माझ्या संगं चला. मी दावते."

"तुम? तुमको तो दिखता नहीं."

"म्हणून तर दावते. डोळे हायेत त्याला ही जागा दिसत न्हाई."

साहेबाला काय वाटलं कुणास ठाऊक, तो तिच्या बाजूनं चालायला लागला. ती मोठ्यानं पावलं मोजत होती. चार, पाच. इथं एक गाठ, पाणी. सहा, सात. कुठं खड्डा लागतोय का बघा. आठ. ती भिंतीला धरून होती, म्हणून तिची वाट स्वच्छ होती. साहेब मात्र तिच्यापासून अदबीनं दोन हात अंतर ठेवून चालत होता, आणि दोन हातांवर शिंदीची चटई होती.

मी ओरडेपर्यंत साहेब गेला होता. आवाज फार मोठा झाला नाही. मऊ झाला. जमिनीवर फक्त तुर्की टोपी राहिली.

कडूबाई थांबली. "नऊ," ती म्हणाली. मग मान वळवून, "साहेब, नवव्या पावलाला कुठं गेला?"

नेमकी तेव्हाच भागम्माची गाडी दारात आली. ती हातात रुमालात गुंडाळलेली नळी घेऊन उतरली. तिनं उघडी बोडकी वखार बघितली नाही, उघड्या अंगाची माणसं बघितली नाहीत, घोडाही बघितला नाही. तिचं पहिलं वाक्य होतं, "पेवाचा दगड कुणी काढला?"

खालून आवाज आला, "पहले मुझे निकालो, जी."

"कोण हाय?"

"सरकार," मी म्हणालो.

दुसरी एखादी बाई पाया पडली असती नाहीतर पळाली असती. भागम्मा पेवाच्या काठाशी पालथी झोपली आणि आत तोंड घालून म्हणाली, "हलू नका. पडलेल्याला मी लगी उचलत न्हाई. आधी पायाची बोटं हलवा."

"हलतात."

"डोकं गरगरतंय?"

"नहीं."

"आईचं नाव सांगा."

"क्या?"

"आईचं नाव. डोक्याला लागलं का न्हाई ते कळतंय."

मग खालून, अगदी लहान आवाजात, "करीमुन्निसा बेगम."

"शहाणा हाय," भागम्मा आम्हाला म्हणाली. "दोरी आणा."

वखारीच्या अंगणात पुढं आलेल्या तुळईला पोती चढवायचं चाक होतं, पेवाच्या बरोबर वर. एक वाकळ झोळीसारखी बांधून साहेबाला तिच्यात बसवलं आणि आम्ही सहा जणांनी ओढलं. तो वर आला तेव्हा एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात तुपाची बरणी, फुटू नये म्हणून छातीशी धरलेली. त्याला खाली उतरवणार तोच चन्नप्पा उठला. बिचाऱ्याची सवय होती ती. दोरीला काही लोंबकळताना दिसलं की त्याचे हात आपोआप काट्याकडं जायचे. त्यानं झोळीची दोरी काट्याच्या आकड्यात अडकवली, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली आणि पुकारलं, "दोन मण अकरा शेर."

साहेब हवेत होता. तो म्हणाला, "झोली के साथ, या बगैर?"

तिथंच मला वाटलं की हा माणूस अगदीच परका नाही.

त्याचा घोटा मुरगळला होता. भागम्मानं शेकायला घेतला, आणि शेकता शेकता काचेची नळी त्याच्या काखेत घातली, कारण एवढ्या लांबून आणली होती. ताप नव्हता. पण घोड्यावर बसायची सोय नव्हती. साहेब तीन दिवस वखारीत राहिला. वाकळा वर काढल्या, त्यातली सर्वांत जाड त्याला दिली. त्याला चौदावं ताट मिळालं. इथं ताट ज्याचं त्याचंच असायचं, त्यामुळं कुणाला कुणाच्या ताटाची अडचण आली नाही. लोहारानं मागं तुर्की टोपीची खूण कोरून दिली.

ह्या तीन दिवसांत भागम्मानं त्याला पाहुणा म्हणून वागवलं नाही. पहिल्याच दिवशी तो वाकळेवर बसून सिगरेट पेटवायला लागला. ती येऊन ओठांतली सिगरेट काढून घेऊन गेली, म्हणाली, "लिंबाखाली. बादलीजवळ." साहेब एका पायावर लंगडत लिंबाखाली गेला. तिथं आश्रुबा चिलीम ओढत बसला होता. साहेब बादलीच्या दुसऱ्या बाजूला बसला.

मग म्हणाला, "बाबा, मी ह्या कामावर यायच्या आधी चौदा साल गिरदावर होतो."

आश्रुबाची चिलीम विझली.

"कुणबी चार आणे म्हणाला की आम्ही आठ लिहायचो. आठ म्हणाला की सोळा. पण दो आने?" साहेब म्हणाला. "दो आने आजतक किसीने नहीं बोला. मला वाटलं खरंच दुष्काळ आहे."

"जरा जास्ती झालं," आश्रुबा खाली मान घालून म्हणाला.

भागम्मानं मात्र तीन दिवस आश्रुबाशी आणि माझ्याशी एक शब्द काढला नाही. दगड परत आम्हीच तिघांनी ठेवला. वर तिनं आश्रुबाला आणि मला डोळ्यांना फडकं बांधून भरलेला तांब्या घेऊन मोरीपर्यंत चालायला लावलं, दिवसातून तीनदा. माझं दुकान समोर होतं, सगळं गाव बघायला यायचं. म्हणून म्हणतो, ती जागा मला पावलापावलानं आठवते.

शनिवारी साहेब निघाला. निघताना भागम्मानं त्याला पुन्हा काट्यावर घेतलं, रीतच होती. दोन मण बारा शेर. तीन दिवसांत शेरभर चढला होता. तिनं भिंतीवर टोपीच्या खुणेपुढं एक रेघ वाढवली. साहेब त्या भिंतीपुढं उभा राहिला. चौदा खुणा, पुढं वर्षावर्षाच्या रेघा. कुठं घटलं, कुठं चढलं, सगळं तिथं होतं. तो म्हणाला, "आनेवारी तो दीवार पे है, और मैं लोगों को पूछता फिरा."

मग बाजेवर बसून त्यानं तिथंच रिपोट लिहिला आणि एक नक्कल भागम्माला दिली. ती ओल्या हातानं घ्यायला तयार नव्हती, पदराला पुसून घेतली, आणि मला हाक मारली. तीन दिवसांतली पहिली हाक.

"वाच."

मी वाचलं. "जागा पाहिली. दर्जा सहा आणे. सुधारणेस वाव आहे. बंद करण्याजोगे कारण नाही. सरकारने ताब्यात घेण्याजोगेही येथे काही नाही. आहे तशी चालू ठेवावी."

कडूबाईनं हात जोडले, पण कुठल्या दिशेला जोडायचे ते तिला कळेना, म्हणून सगळीकडं फिरवले. म्हातारी मंडळी हसायला लागली, कुणी डोळे पुसले. आश्रुबा तर नाचायचाच राहिला. "म्हणलं हुतं का न्हाई? दोन सांगितले म्हणून सहावर सुटलो."

फक्त भागम्मा हसली नाही. "किती आणे?" तिनं विचारलं.

"सहा."

"साहेब," ती म्हणाली, "भाकरी विरघळली न्हाई का?"

"विरघळली, बाई."

"वाकळंत ढेकूण निघाला?"

"एक भी नहीं."

"मग सहा?"

साहेबानं तिला समजावून सांगितलं. सोळा आणे लिहिलं तर वरचे साहेब बघायला येतील. मग त्यांच्यावरचे येतील. जागा एवढी चांगली आहे तर सरकारनंच चालवावी असं कुणीतरी म्हणेल. एका गावात त्यानं एका सराईची तारीफ लिहिली होती, आता तिथं वाटसरूला जागा नाही, अंमलदारांचा मुक्काम असतो. "इसलिए छे," तो म्हणाला. "तीनच्या खाली बंद. बारा के उपर गया तो भी बंद. सहावर कोई हात नहीं लगाता."

भागम्मानं मान हलवली. कळलं होतं तिला, पटलं नव्हतं. साहेब घोड्यावर बसून गेला आणि वखार राहिली. कडूबाई पुढं आठ वर्षं त्याच दोरीवर बोटं ठेवून फिरली, एकदाही पडली नाही. साहेब जिंतूरकडं फेरी असली की येऊन जायचा, आपल्या ताटात जेवायचा, काट्यावर बसायचा. राज्य बदललं तेव्हा तो हैदराबादेकडं गेला. टोपीची खूण भिंतीवर तशीच राहिली, दोन मण सतरा शेरावर.

पण तो कागद भागम्माच्या काळजात रुतून बसला. दर दोन-चार महिन्यांनी ती दुकानात यायची, कनवटीतून घडी काढायची.

"बन्सी, नीट वाच. सोळा असंल."

"सहाच आहे, काकू."

"तुझी उर्दू कच्ची हाय."

मग ती घडी घालून जायची. अशी वीसेक वर्षं गेली. चन्नप्पा गेला, आश्रुबा गेला. गेला तेव्हा त्याच्या रेघा भरपूर होत्या, शेरभरही उतरलेला नव्हता. शेवटी भागम्मा स्वतः वखारीत खाटेवर आली. दगडाबाईची सून तिच्यासाठी भाकरी कुस्करायची आणि ओठ मिटून वीस मोजायची. मी भेटायला गेलो. तिनं उशाखालून कागद काढला. घड्यांवर फाटला होता. म्हणाली, "वाच."

मी बघितलं, बाई थकली आहे. साहेब नाही, निजाम नाही, उर्दू वाचणारं गावात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. कोण तपासणार आहे? मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "दर्जा सोळा आणे."

भागम्मा माझ्याकडं बघत राहिली. मग कोपरावर उठून बसली.

"वीस वरसं सहा वाचलास, अन् आज सोळा?" ती म्हणाली. "मी मरायले का काय?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"कुणी सांगितलं? डॉक्टरनं? त्याला म्हणावं आधी मला तोल." तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला. "सहाच हाय ते. मला ठाऊक हाय. उठ, काटा लाव."

मी काटा लावला. मागल्या अवसेपेक्षा अर्धा शेर जास्त भरली. त्यानंतर ती चार वर्षं जगली, आणि पुन्हा कधी तिनं मला कागद वाचायला दिला नाही. म्हणायची, "ह्याच्या वाचण्याचा भरवसा न्हाई."